पुसू नको, पोरी

पोरी,

काल तू टीसीचा अर्ज टाइप करून घ्यायला दुकानात आलीस, कारण काय लिहू विचारलं तर "घरगुती अडचण" म्हणालीस, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन तीनदा थरथरला तो तू उलटा करून ठेवलास. अडचण घरातली नाही हे मला तिथंच कळलं. मग तू दाखवलंस सगळं, तुझाच जत्रेतला फोटो लावून काढलेलं फेक अकाउंट, तुझ्या कन्नड बोलण्याची नक्कल केलेली रील, क्लासच्या ग्रुपवर फिरणारा तो स्टिकर. दाखवता दाखवता तुझा अंगठा डिलीटवर गेला आणि मी हात धरला. जरा जोरातच धरला, राग मानू नको.

पण पुसू नको.

नजरेसमोर नको म्हणतेस, मग बघू नको की! तुझ्या फोनमधून गेलं म्हणून त्यांच्या फोनमधून जातंय होय? जातो तो फक्त तुझा पुरावा.

१९९८ साली खानापुरात मी दहावीला होते, माझ्या नावानं कोणीतरी एका मुलाला चिठ्ठ्या लिहायचं. हाताला लागल्या तेवढ्या फाडून मलप्रभेत सोडल्या, वाटलं संपलं. हेडसरांनी विचारलं, दाखव बघू. काय दाखवणार? शेवटी बोल मलाच लागला, परीक्षा कशीबशी दिली आणि शिक्षण तिथंच सुटलं. एवढं होऊनसुद्धा दोन वर्षांमागं एक पोरगा असाच रडत आला तर मीच त्याला सांगितलं, ब्लॉक मार, सगळं डिलीट कर, अभ्यासाला लाग. नंतर त्याचे वडील विचारायला आले, तुमच्या कॉम्प्युटरवर काही राहिलंय का म्हणून. काही नव्हतं. मी वाईट हेतूनं नाही सांगितलं गं, त्याच्या घरच्यांनीपण तेच सांगितलेलं, त्या वेळी कोणीही हेच सांगितलं असतं. पण तो परत कॉलेजला गेला नाही, आणि त्याची आई बाजारात दिसली की मी अजून रस्ता बदलते.

म्हणून सांगते, आधी स्क्रीनशॉट. नुसता फोटोचा नको, अकाउंटचं युजरनेम, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव कारण नाव ते रात्रीत बदलतात. ग्रुप लगेच सोडू नको, म्यूट कर, चॅट एक्सपोर्ट करून मला मेल कर. फोन रिसेट मारू नको, विकू नको. हे झालं की मग रिपोर्ट कर, ब्लॉक कर, खुशाल कर. रिपोर्ट कोणी केला हे इन्स्टाग्राम त्यांना सांगत नाही.

तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या होते, नाहीतर बेळगावात सायबर गुन्हे बघणारं सीईएन पोलीस स्टेशन आहे तिथं जाऊ. तू अठराच्या आतली आहेस, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केलास तरी मदत मिळते. कन्नडमध्ये लिहावं लागेल म्हणून घाबरतेस काय, मी रोज नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर अर्ज टाइप करते, तुझाही करीन. मैत्रीण म्हणाली तसं आयटी कायद्याचं ६६ए घालायचं नाही, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच रद्द केलंय. दुसऱ्याचं सोंग घेऊन कोणाला फसवलं तर ६६डी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कुठलं लागतं ते पोलीस बघतील, आपण काय झालं तेवढं तारखेसकट सरळ लिहायचं.

आणि "त्यांची लाइफ बरबाद होईल" हे मला परत ऐकवू नको. अठराच्या आतली पोरं बाल न्याय मंडळापुढं जातात, थेट जेलात नाही. टीसी तू काढणार, गाव तू सोडणार, आणि काळजी त्यांची? मला खरंच चीड येते याची. तुझ्या कन्नडला हसतात, तू तर दोन वर्षांत शिकलीस, त्यांच्यातल्या किती जणांना चार ओळी मराठी येते?

आईला सांगायचं धाडस होत नसेल तर मी बरोबर येते, साडेपाचच्या खानापूर बसनं जाऊ. पण तोवर त्यातलं काही पुसू नको, स्टिकरसुद्धा नको. बघवत नसेल तर फोन माझ्याकडे दे, मी बसून एकेक स्क्रीनशॉट काढते, तू तिकडं तोंड करून चहा पी.

तुझा टीसीचा अर्ज अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. तेवढा मात्र तू सांगितलंस की पुसते. दोननंतर दुकानात गर्दी नसते, चार्जर घेऊन ये.

तुझी,
झेरॉक्सवाली काकी