पाच जणींचे काम आणि एकटीचा हिशेब

टोरोंटोहून लिहिणाऱ्या, चार महिन्यांच्या बाळाच्या आईस,

"आईने आम्हा दोघी बहिणींना नागपुरातल्या महाल भागातल्या घरी किती सहज वाढवले, आणि मला एक बाळ सांभाळता येत नाही, ते रडले की माझे काय चुकले हेच मी शोधत बसते," असे तू लिहिले आहेस. तुझी घालमेल मला समजते, परंतु ही तुलना मला मुळीच मान्य नाही, कारण त्या काळच्या नागपुरात कोणतीही बाळंतीण हे काम एकटीने करत नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमच्या इतवारीच्या घरी मालीशवाली बाई रोज येई, आजी टाळू भरे, काकू डिंकाचे लाडू वळे आणि रात्री बाळ रडले की आत्या त्याला घेऊन ओसरीवर फेऱ्या घाली. तरीही "तुम्हाला मीच वाढवले" असे आई आजही अगदी मनापासून सांगते. आयांच्या अशा आठवणींवर विसंबून स्वतःला नापास करू नकोस.

माझी मुलगी मेलबर्नला बाळंत झाली, तेव्हा तुझ्यासारखी तीही दूध, झोप आणि लंगोट यांची मोबाइलवर नोंद ठेवी आणि संध्याकाळी ती वाचून रडे. बाळाचे वजन नीट वाढते आहे असे डॉक्टरांनी सांगताच मी तिला ती नोंद बंद करायला लावली. तूही कर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्हे बाळ समोरासमोर खेळत असतानाच्या चित्रफिती क्षणाक्षणाने तपासल्या, तेव्हा निरोगी जोड्यांचाही सूर सुमारे एक तृतीयांश वेळच जुळलेला आढळला. उरलेल्या वेळी तो सुटतो आणि पुन्हा जुळवला जातो, आणि या जुळवण्यातूनच बाळाचा विश्वास वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे तू ज्याला चूक म्हणतेस, ते पुष्कळदा संगोपनच असते.

नवरा "मदत करतो" असे तू लिहितेस, ते मला खटकले. रात्रीचे एक दूध आणि रोजची मालीश त्याने स्वतःचे काम म्हणून अंगावर घ्यावी.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते. एक वर्षापर्यंत मध नको, डोळ्यांत काजळही नको, आणि लसी तिथल्या वेळापत्रकाप्रमाणेच द्याव्यात. बाळाशी मराठीत अवश्य बोल.

मात्र "त्याला दुसरी आई मिळाली असती तर बरे झाले असते" हे तुझे वाक्य मी नजरेआड करणार नाही. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. एडिंबरा येथे तयार झालेली, 1987 साली प्रसिद्ध झालेली, ही उदासी तपासणारी दहा प्रश्नांची चाचणी डॉक्टरांकडे मागून घे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. एरवीही याच आठवड्यातली वेळ घे, आणि जाताना हे पत्र व नवरा दोघांनाही सोबत ने.