जर्मनीत लाइपझिगला येताय, तर धर्माच्या रकान्याचा विचार आधीच करा

डायाकोनीच्या, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या सेवासंस्थेच्या, रुग्णालयात नर्स म्हणून येताय, हे वाचून बरं वाटलं. तुमचे प्रश्न तीन: चर्चचा कर खरंच पगाराच्या 9 टक्के जातो का, इथल्या लुथरन (प्रोटेस्टंट) मंडळीत मिसळायचं कसं, आणि मिस्टरांना नोकरी लागेपर्यंत काही सेवाकार्य करता येईल का.

कराचं आधी. 9 टक्के खरे, पण ते पगारावर नाहीत, आयकराच्या रकमेवर आहेत. महिन्याला 400 युरो आयकर कापला जात असेल, तर चर्चचे 36. आल्यावर पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला इथे आनमेल्डुंग म्हणतात. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे 'एव्हांगेलिश', म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलंत की कर पगारातूनच कापला जातो. मी काही न विचारता लिहून मोकळा झालो आणि पहिली पगारपावती बघून चक्रावलो. पुढे नको वाटलं, तर जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात स्वतः जाऊन चर्च सोडल्याचं रीतसर लिहून द्यावं लागतं. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला ते फार जड जातं, म्हणून घरी बोलून, ठरवूनच या. मी अजून भरतो. पाळकांचे पगार आणि जुन्या इमारतींची डागडुजी यांना त्यातून हातभार लागतो. तुमचं रुग्णालय मात्र त्या पैशावर चालत नाही, तिथला मोठा वाटा आरोग्यविम्याचा.

करार नीट वाचा. डायाकोनीत पगार सहसा संप करून ठरत नाहीत. मालक आणि कर्मचारी यांच्या संयुक्त समितीत ठरतात. न्यायावर प्रवचन देणाऱ्या चर्चच्या स्वतःच्या घरात हे कितपत न्याय्य, यावर इथे वर्षानुवर्षं वाद आहे, आणि मला तो वाद बरोबर वाटतो. चर्चचं सभासद असणं त्या पदासाठी सक्तीचं आहे का, तेही लेखी विचारून घ्या.

आता मंडळी. पूर्व जर्मनीचा हा भाग. चाळीस वर्षांच्या कम्युनिस्ट राजवटीनंतर बहुसंख्य लोक कुठल्याच धर्माचे उरलेले नाहीत. रविवारी बाकं रिकामी दिसतील, निम्मी डोकी पांढरी. कोणी धावत येऊन ओळख करून घेणार नाही. उपासनेनंतर कॉफी असते तिथे थांबा, आणि खुर्च्या उचलायला लागा. माझी पहिली ओळख तशीच झाली, कप धुताना.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता निकोलाय चर्चमध्ये शांततेची प्रार्थना असते, ती चुकवू नका. 1982 पासून ती चालू आहे. तिथूनच निघालेल्या, त्या राजवटीविरुद्धच्या मोर्चात 9 ऑक्टोबर 1989 ला सुमारे 70,000 लोक रिंगरोडवर उतरले होते, आणि गोळी चालली नाही. संगीतकार बाखचं थोमास चर्चही पाच-सात मिनिटांवर आहे, पण तिथे पर्यटकच जास्त.

इथली मंडळी मला कळली ती चर्च-आश्रयामुळे. हद्दपारीची टांगती तलवार असलेल्या माणसाला मंडळी आपल्या आवारात ठेवून घेते आणि सरकारी कचेरीला तसं कळवते. लपवाछपवी नाही. कायद्यात याला आधार नाही. पोलीस सहसा आत शिरत नाहीत, एवढंच. 1983 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये तुर्कस्तानच्या ताब्यात दिलं जाण्याच्या भीतीने जेमाल केमाल आल्तुन या तुर्की तरुणाने कोर्टाच्या खिडकीतून उडी मारली, त्यानंतर या प्रथेने जोर धरला. आमच्या मंडळीने एका कुटुंबाला काही महिने सभागृहामागच्या खोलीत ठेवलं होतं. त्यांना आवाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून बाजारहाट आम्ही पाळीने करायचो. मंडळीत यावरून भांडणं झाली, एक-दोघं येईनासेही झाले.

मिस्टरांसाठी दोन वाटा. एक, सरकारची स्वयंसेवा योजना, बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट. 2011 पासून आहे, वयाची वरची मर्यादा नाही, हातखर्चाला थोडे पैसे मिळतात. दुसरी, मुख्य स्टेशनातलं बानहोफ्समिसियोन, म्हणजे चर्चचं मदतकेंद्र. गाडी चुकलेला, बेघर, आजारी, कोणीही आत येऊन बसावं, चहा घ्यावा. धर्म कोणी विचारत नाही. 1894 मध्ये बर्लिनला हे काम सुरू झालं, ते कामासाठी शहरात एकट्या येणाऱ्या मुलींसाठी. तिथे मोडकं जर्मन चालून जातं. व्हीलचेअर ढकलायला आणि प्लॅटफॉर्म दाखवायला फार व्याकरण लागत नाही. फक्त पोलीस दाखला मागतात, तो येतानाच काढून आणा.