माफ केलं म्हणजे हिशेब विचारायचाच नाही का?

"ताई, मी माफ केलंय त्यांना, देवासमोर केलंय, पण पैशांचा विषय निघाला की अजूनही अंगाची लाही लाही होते, मग माझी क्षमा खोटी आहे का?" ख्रिस्ती जोडप्यांशी बोलताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बायका विचारतात, आणि ज्यांच्या बायकोने गुपचूप माहेरी पैसे दिलेत किंवा उधारी लपवलीय असे नवरेही विचारतात. आणि बहुतेकांना कोणीतरी आधीच ऐकवलेलं असतं की पैसा काय आज आहे उद्या नाही, आपलं खरं वतन, म्हणजे वारसा, स्वर्गात आहे, सोडून दे आता. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणारा माणूस त्या वाक्याखाली गुदमरतो हे मी बघितलंय, म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा बायको दोघंही येशूवर विश्वास ठेवणारे, लग्नाला बरीच वर्षं झालेली, तो घरच्या प्रार्थनासभेत वचन सांगणारा, लोक सल्ला विचारायला येतात असा माणूस. तिचे वडील वारले, घर विकलं गेलं आणि तिचा हिस्सा तिला मिळाला. तिने तो जॉइंट खात्यात ठेवला, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं खातं, मुलीच्या शिक्षणासाठी. मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी बघते तर खात्यात जवळजवळ काहीच नाही. त्याने थोडे थोडे करत सगळे धाकट्या भावाच्या बुडणाऱ्या धंद्यात दिले होते, आणि या सगळ्या काळात ती कधी सहज विचारायची तेव्हा "आहेत की, वाढतायत" असं सांगत होता.

ती पहिल्यांदा आली तेव्हा हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात बँकेचं स्टेटमेंट, आणि पैसे काढलेली प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. ती फाइल तिने टेबलावर ठेवली नाही, पूर्ण वेळ मांडीवर धरून बसली. म्हणाली, "सगळे म्हणतात मी पैशाची लोभी आहे. लूक १२ वाचून दाखवतात मला."

लूक १२ म्हणजे बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा बारावा अध्याय. त्यात काय आहे, तर गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वारसा वाटून दे म्हणावं. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग लोभापासून सांभाळा असं सांगून तो त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, जो कोठारं मोडून मोठी बांधायचे बेत करतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागून घेतला जातो. आता हे वचन या बाईच्या तोंडावर मारणं मला अजिबात पटत नाही. तिच्या नावावर आलेलं होतं, तिने ते मुलीसाठी ठेवलं होतं, तिला कोठार मोठं करायचं नव्हतं. लोभ या घरात होता, नाही असं नाही, पण तो मला नवऱ्याकडे दिसला, आणि तो पैशाचा सुद्धा नव्हता. भावांमध्ये मोठा, सगळ्यांना तारणारा, उदार असं नाव हवं होतं त्याला, आणि ते नाव त्याने बायकोच्या पैशावर कमावलं. असा लोभ ओळखायला फार कठीण जातो कारण बाहेरून तो सेवेसारखा दिसतो.

मी तिला बायबलच्या जुन्या करारातलं गणना २७ वाचायला दिलं. सलाफहाद मेला, मुलगा नाही, पाच मुली. त्या पाची जणी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात की आमच्या बापाचं नाव का मिटावं, आम्हाला वतन द्या. मोशे देवाला विचारतो आणि देव म्हणतो, मुली बरोबर बोलतायत. म्हणजे बापाचं वतन मागणाऱ्या मुलींना देवाने लोभी म्हटलेलं नाही! ती हे वाचून खूप रडली. मला वाटतं तोवर तिला वडिलांसाठी धड रडताच आलं नव्हतं, कारण पैसे गेल्याचं दुःख आणि वडील गेल्याचं दुःख एकात एक अडकलं होतं आणि लोकांनी दोन्हीला मिळून लोभ असं नाव दिलं होतं. नाबोथाचंही तसंच, १ राजे २१, त्याचा द्राक्षमळा राजाला हवा असतो, राजा त्याला बदल्यात चांगला मळा देतो म्हणतो, किंमत देतो म्हणतो, तरी तो म्हणतो वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. बायबल पैशावर भरवसा ठेवायला सक्त मनाई करतं, पण बापाच्या कष्टाला मातीमोल म्हणत नाही.

मग नवऱ्याशी वेगळं बोलले. त्याचं पहिलं वाक्य, "घरातलेच पैसे होते ना, आणि भावाला मदत करणं पाप आहे का?" पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. मी त्याच्याशी वाद घातला नाही, प्रेषितांची कृत्ये ५ काढायला सांगितलं. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा, जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि बाकीचे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवताना सगळे दिले असं भासवलं. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो बघा, जमीन तुझी होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते, तू माणसांशी नाही देवाशी खोटं बोललास. म्हणजे ठेवले की दिले हा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, तुमच्या बाबतीत देणं चूक की "आहेत की, वाढतायत" हे चूक? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की पहिल्यांदा दिले तेव्हा सांगणार होतो, दोन महिन्यांत परत येतील असं भाऊ म्हणाला होता, मग आले नाहीत, मग सांगायची लाज वाटली, मग लाज झाकायला अजून दिले. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. लपवणारी माणसं नेहमी दुष्ट असतात असं नाही, घाबरलेली पण असतात, पण त्यांच्या भीतीची किंमत दुसरा चुकवत असतो.

आता क्षमेकडे येते, कारण खरा गोंधळ इथेच आहे. मत्तय १८ सगळ्यांना माहीत असतं, पेत्र विचारतो सात वेळा माफ करू का, येशू म्हणतो सातच्या सत्तर पट. पण त्याला लागून जी गोष्ट आहे तिची सुरुवात लोक घाईत ओलांडतात. राजा आपल्या दासांचा हिशेब घ्यायला बसतो. आधी वही उघडली जाते, आकडा सगळ्यांसमोर येतो, दहा हजार तालांत, आणि त्यानंतर राजा ते माफ करतो. न उघडलेल्या वहीतलं कर्ज कोणी माफ केलेलं नाही तिथे. आणि आकडे पण बघा. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, म्हणजे एका तालांतासाठीच माणसाला जवळजवळ २० वर्षं राबावं लागेल, आणि इथे तसे दहा हजार. माफी मिळालेला हा दास मग बाहेर जाऊन आपल्या सोबतीच्या दासाला कर्जासाठी धरतो, त्या दुसऱ्या दासाचं कर्ज १०० दिनार, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. ते काही चिल्लर नव्हे. देवाने तुम्हाला जे सोडलं त्यापुढे लहान आहे एवढंच, पण ज्याचं गेलं त्याला ते लागणारच, येशूने ते शून्य म्हणून सांगितलेलं नाही.

म्हणून मी नवऱ्याला लिहायला सांगितलं. कधी, किती, कोणाला, आणि त्या दिवशी बायकोला काय सांगितलं. पहिल्या वेळी त्याने अर्धं पान आणलं, "परिस्थितीमुळे काही रक्कम द्यावी लागली" असल्या भाषेत. मी परत दिलं. पुढच्या वेळी चार पानं आली, आणि त्यात स्वतःच्या पगारावर काढलेलं एक पर्सनल लोन होतं जे तिच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ते त्याने स्वतः तिला वाचून दाखवलं. लोनच्या ओळीपाशी तिने त्याला थांबवलं आणि म्हणाली परत वाचा. त्याने परत वाचलं.

त्या दिवशी तिने माफ केलं नाही, आणि मी पण तसं करायला सांगितलं नाही. क्षमा ही देवाची आज्ञा आहे असं मी मनापासून मानते, ती टाळता येत नाही, पण अर्धं सत्य समोर असताना करून घेतलेली क्षमा दोन महिन्यांनी दुसरं लोन सापडलं की कोसळते. काही आठवड्यांनी तिने स्वतःच सांगितलं की काल रात्री मी त्यांना म्हटलं, हे मी तुमच्याकडून वसूल करणार नाही, ना पैशाने ना टोमण्याने. टोमण्याने हा शब्द तिचा, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण मधल्या काळात मुलीसमोर, पाहुण्यांसमोर ती त्याला रोज टोचून बोलत होती आणि ते तिलाही कळत होतं. १ करिंथ १३ म्हणतं प्रीती अपकाराचा हिशेब ठेवत नाही. हे तिला मी सांगितलं तेव्हा नवऱ्याची चार पानं आधीच वाचून झाली होती, क्रम तोच पाहिजे.

आणि मग १ पेत्र ३:७, जे मी दोघांना समोर बसवून वाचलं. पेत्र पतींना सांगतो की पत्नीशी समंजसपणे राहा, तिला मान द्या, कारण जीवनाच्या कृपेची ती तुमच्याबरोबरीने वारस आहे, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा यायचा नाही. स्वर्गातल्या वतनाबद्दल बोलणारे लोक हे वचन का विसरतात मला कळत नाही. इफिस १ मध्ये पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे असं म्हटलंय, १ पेत्र १ मध्ये ते वतन नाश न होणारं आहे, आणि त्या वतनात बायको बरोबरीची वारस आहे. मग जिच्याबरोबर कायमची वारसदारी आहे तिला पृथ्वीवरच्या पासबुकाबद्दल अंधारात ठेवायचं? नवरा तेव्हा म्हणाला की गेलं वर्षभर सभेत प्रार्थना करताना शब्द यायचे पण घरी तिच्यासोबत गुडघे टेकताना तोंडच उघडत नव्हतं. मला यावर अजून काही समजावायची गरज पडली नाही.

आता नेहमीचा पुढचा प्रश्न, माफ केलं तर परत सही करायची का, परत सगळं त्यांच्या हाती द्यायचं का. नाही, लगेच नाही. क्षमा तुम्ही आज देऊ शकता, भरवसा समोरच्याने हळूहळू परत कमवायचा असतो. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने काय केलं, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत. गणना ५ मध्ये कबुली, पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. पश्चात्तापाला पाय असतात, तो कुठेतरी चालत जातो. या घरात ठरलं ते असं, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं, दोघांना मोबाइलवर मेसेज, आणि कोणालाही उसने द्यायचे तर आधी दोघांचं बोलणं. (खोटी सही, धमकी, मारहाण असं काही असेल तर मात्र ही सगळी चर्चा नंतर, आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला आणि वकिलाला सांगा. कायद्याची मदत घेतल्याने क्षमा कमी होत नाही.)

आणि ती जी आग परत परत उठते तिच्याबद्दल. ती उठली म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही. सातच्या सत्तर पट हे वेगवेगळ्या अपराधांना लागू आहेच, पण एकाच अपराधाची आठवण सत्तर वेळा आली तर त्यालाही लागू आहे असं मी समजते. तिला अजूनही मुलीच्या फीची तारीख आली की त्रास होतो. तेव्हा ती त्याला सरळ सांगते, "आज मला ते आठवतंय," एवढंच, आणि त्याने "अजून किती दिवस" असं म्हणायचं नाही हे ठरलंय. एकदा म्हणाला होता, मग स्वतःच येऊन सॉरी म्हणाला.

दीराकडून पैसे मागू का असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं मागायचे, पण नवऱ्याने मागायचे कारण दिले त्याने. तो गेला, भावाने बोलणंच टाकलं, अजून काही परत आलेलं नाही आणि येतील असं मला वाटत नाही. नवरा लोनचा हप्ता भरून उरलेल्या पगारातून दर महिन्याला मुलीच्या खात्यात पैसे टाकतो, गेले त्या मानाने फारच थोडे, आणि ती दर महिन्याला ते तपासते. तपासणं सोडून देऊ का, असं तिने मला परवा विचारलं. मी म्हटलं, घाई नाही, त्यांनाच विचारा. त्याने सांगितलं, तपासत जा, मला बरं वाटतं.