धुक्यातील हाँगकाँग

प्रश्न : मार्चअखेरीस हाँगकाँगमध्ये मला एकच मोकळा दिवस मिळणार असून मी एकटीच आहे. धुके पडल्यास काय पाहावे?

उत्तर : वसंतात उबदार, दमट हवा किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यावर आली, की तेथे धुके दाटते. अशा दिवशी शहरालगतचे व्हिक्टोरिया पीक हे शिखर टाळावे, कारण वरून शहर दिसतच नाही. त्याऐवजी बंदराच्या एका काठावरील चिम शा चुई भागाच्या धक्क्यावरून स्टार फेरी या प्रवासी बोटीने पलीकडच्या काठावरील सेंट्रल भागात जावे. गगनचुंबी इमारतींचे माथे नाहीसे झालेले ते बंदर मला निरभ्र दिवसापेक्षा अधिक सुंदर वाटते. सायंकाळी टेंपल स्ट्रीटचा रात्रबाजार गाठून मातीच्या भांड्यात शिजवलेला भात आवर्जून खावा; वरून सोया सॉस ओतून थोडा वेळ झाकून ठेवला, की तळाची खरपूस खरवड चवीने खाता येते. एकटीला एक भांडे पुरते. शाकाहारी असल्यास मात्र आधी विचारावे, कारण भातात बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असते.