मंडळ बंद पडतंय? आधी दप्तर काढा

मे महिना संपला, चाकरमानी परत गेले आणि नेहमीसारखा प्रश्नांचा ढीग पडला. यंदा निम्मे प्रश्न एकाच विषयावरचे, गावचं क्रीडा मंडळ बंद पडतंय, मैदान जातंय, काय करू. त्यातले सहा इथे एकत्र घेतोय. नावं गाळलीत, पत्ता पण तालुक्यापुरताच ठेवलाय, कारण कोकणात वाडीचं नाव सांगितलं की माणूस कळतो.

प्रश्न (दापोली तालुका): आमचं कबड्डी मंडळ वडिलांच्या पिढीपासूनचं, रजिस्टर्ड. मैदान मंडळाच्या नावावर आहे. विश्वस्त सगळे मुंबईला. त्यांनी तिकडेच मीटिंग घेऊन मंडळ बंद करायचं आणि मैदान रिसॉर्टवाल्याला ३० वर्षांच्या लीजवर द्यायचं ठरवलं. आम्हाला व्हॉट्सॲपवर कळलं. असं परस्पर करता येतं का?

नाही येत. पण "नाही येत" एवढं ओरडून चालत नाही, कागद दाखवावा लागतो, म्हणून बॅनर छापायच्या आधी धर्मादाय ऑफिसमधून तुमच्या मंडळाच्या शेड्युल १ चा उतारा काढा. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, सगळं त्यात असतं. आणि शंभरातल्या नव्वद मंडळांचा हा उतारा बघितला की कपाळाला हात लागतो. विश्वस्तांच्या यादीत निम्मी माणसं कैलासवासी, नवीन लोकांचा चेंज रिपोर्ट कधी भरलेलाच नाही. बदल झाला की ९० दिवसांत ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली कळवायचं असतं, पण गावात निवडणूक होते, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि विषय तिथेच संपतो. मग आज मुंबईत बसून ठराव करणाऱ्यांची नावं तरी रेकॉर्डवर आहेत का, हा पहिला सवाल.

दुसरं म्हणजे लीज. त्याच ट्रस्ट कायद्याचं, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चं कलम ३६ सांगतं की ट्रस्टची जागा विकायची, बक्षीस द्यायची, किंवा शेतजमीन १० वर्षांपेक्षा आणि बिनशेती जागा नाहीतर इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी. आधी, नंतर नाही. ३० वर्षांचं लीज या परवानगीशिवाय टिकणार नाही. तुम्ही मंडळाचे सभासद असाल तर कायद्याच्या भाषेत हितसंबंधी व्यक्ती आहात, लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि एक प्रत त्या रिसॉर्टवाल्यालाही रजिस्टर पोस्टाने पाठवा. माझ्या अनुभवात या शेवटच्या प्रतीचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो, वादातल्या जागेत पैसे घालायला कुणाला आवडत नाही.

तिसरं, मंडळ बंद करणं. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली पण नोंदलेली असेल, बहुतेक असतेच, तर विसर्जनाला तीन-पंचमांश सभासदांचा ठराव लागतो (कलम १३), आणि कर्ज फेडून उरलेली मिळकत सभासदांनी वाटून घ्यायची सोय नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते (कलम १४). म्हणून इतिवृत्ताची वही मागा. मी एका मंडळाची अशी वही हातात घेतली होती, ठरावाखाली अकरा सह्या, त्यातल्या सात एकाच निळ्या पेनाने आणि एकाच डावीकडे कललेल्या अक्षरात. त्या पानाचा फोटो हरकतीला जोडला, पुढे जास्त बोलावंच लागलं नाही.

एवढं करून विश्वस्तांशी बोला, शिव्या घालू नका. पन्नास वर्षं मुंबईहून मनीऑर्डरी त्यांनीच पाठवल्यात हेही खरं आहे.

प्रश्न (राजापूर तालुका): मैदानाची जागा एका कुटुंबाची. त्यांच्या आजोबांनी मंडळाला तोंडी दिली, कागद काही नाही. पन्नास वर्षं खेळतोय, मंडळाने पैसे घालून रंगमंच आणि चेंजिंग रूम बांधली. आता नातू म्हणतात जागा सोडा. गावातले जाणकार म्हणतात १२ वर्षं झाली की जागा आपलीच. खरं का?

गावातल्या जाणकारांना माझा नमस्कार सांगा. १२ वर्षांचा नियम, म्हणजे प्रतिकूल कब्जा, हा मालकाच्या विरोधात जाऊन उघडपणे जागा बळकावून बसलेल्यासाठी आहे. तुम्ही तर आजोबांच्या परवानगीने खेळताय आणि परवानगीचा कब्जा शंभर वर्षं झाला तरी मालकी होत नाही. उलट कोर्टात "आजोबांनी प्रेमाने दिली" असं तुम्हीच सांगितलंत की हा दावा तिथेच पडला. तोंडी बक्षीसही चालत नाही, स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं.

मग तुमच्या हातात काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ६०. परवानगीवर विसंबून कुणी स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं असेल तर मालकाला ती परवानगी सहज काढून घेता येत नाही. म्हणून त्या रंगमंचाची सिमेंटची बिलं, गवंड्याच्या पावत्या, उद्घाटनाची पत्रिका, शिमग्यातल्या स्पर्धांचे जुने फोटो, सगळं शोधा. ट्रॉफ्यांच्या पेटीच्या तळाला असतंच काहीतरी, वाळवीने खाल्लं नसेल तर. त्याच कायद्याचं कलम १८ गावच्या रूढीने मिळालेल्या हक्काचं आहे, पण तो सिद्ध करायला जुने साक्षीदार लागतात, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घेऊन नोटरी करून ठेवा.

तरी माझं मत विचाराल तर कोर्ट शेवटी. सातबारा काढा, कोकणात एका गटावर वीस-पंचवीस वारस असणं काही नवल नाही आणि सगळ्यांना ती जागा विकायचीच असते असं नसतं. ज्यांचा जीव मैदानावर आहे त्यांना आधी गाठा आणि रजिस्टर्ड भाडेकरार मागा. विकत घ्यायची म्हणालात तर सावध, शेतजमीन असेल तर मंडळ काही शेतकरी नाही, कूळकायद्याच्या कलम ६३ ची परवानगी लागते, शिवाय चार-पाच गुंठे तोडून घ्यायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो. "आधी पैसे देऊ, कागद नंतर बघू" हे तर अजिबात करू नका.

प्रश्न (मालवण तालुका): आमचं मैदान किनाऱ्याला लागून. एकजण सांगतो सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) लागलंय, आता मैदान बंदच करावं लागणार. तसं आहे का?

कुणी सांगितलं त्याची जागा जवळपास आहे का ते आधी बघा. सीआरझेडच्या अधिसूचनेत ना-विकास क्षेत्रातसुद्धा शेती, बागा, उद्यानं यांच्या जोडीला खेळाची मैदानं चालतात असं लिहिलंय. अडचण येते ती काँक्रीटच्या पॅव्हेलियनची नाहीतर नवीन गॅलरीची. मोकळ्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून खेळायला कोण अडवणार?

प्रश्न (देवगड तालुका): मैदान गुरचरणावर आहे. ग्रामपंचायत तिथे पर्यटकांसाठी पार्किंग करणार. आम्ही २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा बोर्ड लावून तहसीलवर मोर्चा नेतोय. बरोबर ना?

थांबा जरा. जगपाल सिंग खटल्याचा तो निकाल गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सांगतो. तुमच्या मंडळाची खोली, ते पत्र्याचं ऑफिस, कुणाच्या परवानगीने उभं आहे? नसेल परवानगी तर तुमचाच बोर्ड वाचून उद्या तहसीलदार तुम्हालाच नोटीस देईल.

त्यापेक्षा ग्रामसभा. ग्रामसभेला गावच्या यादीतले १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी तेवढी गणपूर्ती लागते. आता इथे आपला कोकणी घोळ होतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशे जण "आम्ही पाठीशी आहोत" लिहितात, त्यातल्या तीनशे जणांचं मतदान ठाण्याला. चाकरमानी पैसे देतील, ओळखी लावतील, पण ग्रामसभेत हात वर करायला यादीत नाव असलेला माणूसच लागतो. म्हणून वाडीवाडीत जाऊन माणसं मोजा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते तिथेही हाच ठराव मांडा, पोरं संध्याकाळी मैदानावर असलेली बरी हे आयांना पटवून द्यावं लागत नाही. जागा क्रीडांगणासाठी राखून ठेवावी असा ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे महसूल संहितेच्या कलम २२ खाली मागणी करा. जोडीला माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून पार्किंगचा ठराव, अंदाजपत्रक, नकाशा मागून घ्या, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. दाद लागली नाही तर लोकशाही दिन आहे, तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या.

मोर्चा काढायचाच तर काढा, पण आधी पोलीस स्टेशनला विचारा पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश चालू आहे का. सणासुदीला तो बऱ्याचदा असतो आणि नोकरीच्या शोधातल्या पोरांवर फुकट केस होते.

प्रश्न (खेड तालुका): पैसेच नाहीत. लाइट बिल थकलंय, मॅट फाटली. 'बचाव समिती' काढून जीपे क्यूआर फिरवायचा आणि लकी ड्रॉची कुपनं विकायची असं ठरतंय.

क्यूआर कुणाच्या खात्याचा? सेक्रेटरीच्या पर्सनल खात्याचा असेल तर आजच काढून टाका. सहा महिन्यांनी हिशोब मागितला की मैदान राहतं बाजूला आणि माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. मंडळ नोंदलेलं असेल तर मंडळाच्याच खात्यात घ्या. वेगळी बिननोंदणीची समिती वर्गणी गोळा करणार असेल तर गणपती मंडळं काढतात तीच ट्रस्ट कायद्याच्या कलम ४१-क ची परवानगी लागते.

लकी ड्रॉ नकोच. गावोगाव चालतो म्हणून कायदेशीर होत नाही, विनापरवाना लॉटरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये बसते. त्यापेक्षा मुंबईत आपल्या नमन लोकनाट्याचा प्रयोग लावा, तिकिटं चाकरमानीच संपवतात.

आणि तुमच्या तर उशाला लोटे एमआयडीसी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात बसतं. पण कंपनीकडे थकलेलं लाइट बिल घेऊन जाऊ नका, ते कुणी भरत नाही. १३ बाय १० मीटरची मॅट, एक कोच, वर्षभराचं पोरापोरींचं शिबिर, असा दोन पानी प्रस्ताव न्या. मंडळाकडे सीएसआर-१ नोंदणी हवी, ती २०२१ पासून सक्तीची आहे, आणि त्यासाठी आयकर खात्याची नोंदणी (१२-ए, ८०-जी म्हणतात ती) लागते. सीए गाठा, थोडा खर्च आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकासाची अनुदान योजना असते तीही विचारा, मात्र तिथे पहिला प्रश्न ऑडिटचा येईल. लाइट बिलाचं वर्गणीतून बघा, नाहीतर हप्ते मागा.

प्रश्न (गुहागर तालुका): खरं सांगू का, खेळायला सात-आठ पोरंच उरलीत. कुणासाठी वाचवायचं?

मुली मोजल्यात का? बहुतेक नसतील, सात-आठचा आकडा सांगणारे कधीच मोजत नाहीत. मुलींचं कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे तुमच्या आहे त्या जागेत आरामात बसतं. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून संध्याकाळचा एक तास मागा, आणि गावातली एखादी बाई किंवा मोठी मुलगी सोबतीला ठेवा म्हणजे घरचे पाठवतात.

तरी संघ होत नसेल तर शेजारच्या गावाशी बोला. त्यांचीही तीच रड असणार. दोन ट्रस्ट एकत्र करायची सोय ट्रस्ट कायद्याच्या कलम ५०-अ मध्ये आहे, वेळ लागतो पण होतं. कायद्याची अडचण फारशी येत नाही, भांडण होतं ते नाव कुणाच्या ग्रामदेवतेचं ठेवायचं यावर. दोन्ही ठेवा. जर्सीच्या पाठीवर मावतात का तेवढं फक्त छापणाऱ्याला आधी विचारा.