निवेदन देऊन झाल्यावर

बाये,

मोर्चे काढून सरकारचं धोरण बदलतं का, असं तू चिडून विचारलंस. बदलतं. पण बदललेलं धोरण पुढे लोकांनाही बदलतं, आणि तिकडे लक्ष नसेल तर मिळवलेलं हातचं जातं.

आपल्या मालवण-वेंगुर्ल्याचंच बघ. मासळी जास्त मिळावी म्हणून सरकारने यांत्रिक नौकांना कर्जं दिली, डिझेलवरच्या कराचा परतावा दिला. त्यातून नुसत्या बोटी आल्या नाहीत. बोटमालक, खलाशी, बर्फवाले, निर्यातदार असा मोठा वर्ग उभा राहिला आणि आपल्या हिताचं बोलू लागला. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर, पाण्यात उभं जाळं टाकणारे गिलनेटवाले मागे पडले, मग तेही बोलू लागले. आज बंदरावर जी दोन मतं भांडताना दिसतात, त्यांची मुळं जुन्या सरकारी निर्णयांत आहेत. हे विसरलीस तर समोरचा माणूस तुला नुसता लोभी वाटेल.

पर्ससीनविरुद्ध, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध, पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं लढले. या मासेमारीचे परिणाम तपासणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीतली पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबरपुरती आणली. माझ्या मते खरी परीक्षा तिथून सुरू झाली. आदेश निघाला, आता सरकार बघेल, असं म्हणून कितीतरी जण घरी बसले. बंदी मागणं सोपं होतं. गस्त मागत राहणं कंटाळवाणं आहे. तरी काहींनी रेटा सोडला नाही. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, दंड वाढले, तहसीलदारांकडचे कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले.

म्हणून पुढच्या निवेदनात राग कमी आणि तपशील जास्त असू दे: कुठल्या तारखेला, किती वाव खोल पाण्यात, कोणतं जाळं. पर्ससीनवरच्या खलाशाशीही बोल. त्याची चूल त्याच हंगामावर पेटते. त्याला वगळलंस, तर आमदार दोन्हीकडची मतं मोजतील आणि गप्प राहतील.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीबंदी असते, बोटी किनाऱ्यावर, माणसं घरी. हेच दिवस बसून बोलायचे. गेल्या हंगामात गस्ती नौका किती वेळा बाहेर पडली आणि किती कारवाया झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचार. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव, मी वाचून देते.

तुझी,
मावशी