अंगणवाडीत जेवायला जायचं, लाज कसली गं?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका पोरीचं पत्र आलंय. पहिलं बाळंतपण, सिझर झालं, लेकरू चार महिन्यांचं, मधे न्यूमोनियाने आठ दिवस प्रायव्हेट दवाखान्यात होतं आणि बिल उसन्या पैशांनी भरलं. नवरा गोव्याला कामाला. अंगणवाडीची टीचर जेवायला बोलावते तर सासूबाई म्हणतात घरात चूल पेटत नाही का, लोक काय म्हणतील, आणि भातकापणीला पण चल म्हणतायत. ती विचारते, पंचायतीकडनं काही मिळतं का?

पोरी, आधी एक सांगते, तू पण आजारातनंच उठतेयस. पोटावर टाके, रात्रीचं जागरण, त्यात दवाखान्याची धावपळ, सगळे बाळाचंच विचारतात, तुझं कोण विचारतंय?

तर ते जेवण म्हणजे मातृपूर्णा योजना, कर्नाटकात 2017 पासून आहे. गरोदरपणापासनं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, महिन्यातले 25 दिवस गरम भात, आमटी, भाजी, अंडं, दूध, चिक्की. ही भीक नाही गं, गावातल्या कुठल्याही बाळंतिणीचा हक्क आहे. तुझे अजून दोन महिने उरलेत, उद्याच जा. सासूबाईंना पण एकदा सोबत घेऊन जा, ताटात काय वाढतात ते त्यांना बघू दे, आणि टीचरलाच सांगायला लाव की बाळ अजून दोन महिने फक्त अंगावरच्या दुधावर आहे आणि आई दिवसभर शेतात राबली तर ते पाजणार कोण. सुनेचं न ऐकणाऱ्या सासवा टीचरचं ऐकतात, मी बघितलंय.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, बंद केल्या असशील तर आशाताईकडनं परत माग.

पैशाचं म्हणशील तर मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000 रुपये मिळतात, 3000 आणि 2000 असे. दुसऱ्या हप्त्याला बाळाची जन्मनोंद आणि 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी लागतात, दवाखान्याच्या गडबडीत एखादा डोस राहिला असेल तर आधी तो दे. अर्ज अंगणवाडीतच होतो, उशीर करू नको. फॉर्म कन्नडमधे असला तर टीचरला वाचून दाखव म्हण, न कळता अंगठा किंवा सही नको. ती टाळाटाळ करायला लागली तर तालुक्याला सीडीपीओ ऑफिस, म्हणजे अंगणवाड्यांवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं ऑफिस आहे, आणि पंचायतीत मेंबर बाईंना गाठ, ग्रामसभेत विषय घ्यायला लाव.

आणि पुढच्या वेळी आधी सरकारी दवाखाना बघ बाई. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत तिथे औषधं, तपासण्या, जाण्यायेण्याची गाडी सगळं फुकट असतं. बाळाची छाती आत ओढायला लागली किंवा प्यायचं बंद झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच 108 लाव.

रात्री उगाच रडू येतं असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, मी ती ओळ तीनदा वाचली. ते आशाताईला सांग, नाहीतर 14416 ला फोन कर, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन आहे ती, फुकट आहे. नवऱ्याला पण कापणीला चार दिवस घरी बोलाव.

अंगणवाडीत बाळाचं वजन करून घे आणि किती भरलं ते मला कळव.